फॅन क्लच अडकलाय? पाना लावण्याआधी पंपाचं ठरवा

मे महिना होता. साकोलीजवळच्या सेंदुरवाफ्याच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढायचा आणि मोहघाट्याच्या जंगलातून साठ-सत्तरच्या वेगानं निघालो की पुन्हा खाली यायचा. आठवडाभर मी ते अंगावर काढलं. ऊन पंचेचाळिशीला टेकलंय, नवतपा तोंडावर आहे, जुनी डिझेल गाडी आहे, हीट मारणारच, अशी माझी समजूत. खरं तर त्या काट्यानंच सगळं सांगितलं होतं. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. गाडी उभी असते तेव्हा ती हवा पंख्यानं ओढायची असते. माझा पंखा फिरत होता, पण हवा ओढत नव्हता. फॅन क्लच संपला होता.

नवा क्लच २,८०० रुपयांना मिळाला. माझं बिल मात्र ११,५०० रुपये झालं. उरलेले पैसे कशाचे, ते ऐका. ज्या गॅरेजात मी गाडी लावली तिथे क्लचचा नट गंजून धरून बसला होता. पोरानं उलट्या बाजूनं जोर लावला, त्यामुळे नट सुटायच्या ऐवजी आणखी आवळला गेला. मग पाना घसरला आणि रेडिएटरच्या जाळीत घुसला. शेवटी गॅसची बत्ती लावली. नट सुटला, पण पंपाचं सील भाजलं आणि दुसऱ्या दिवशी पंपाखालून पाणी गळायला लागलं. रेडिएटरचं काम ३,२००, पंप २,३००, कूलंट १,४००, बेल्ट ५००, मजुरी १,३००. बिलातला प्रत्येक आकडा वाजवी होता, कुणी मला लुबाडलं नाही. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे मात्र घाईचे होते. नट अडकलाय हे कळल्यावर थांबून एक प्रश्न विचारायला हवा होता, तो त्यांनी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही.

तो प्रश्न मला वर्षभरानंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारला. दुसऱ्याच कुणाच्या पिकअपचं काम चाललं होतं, मी सोबत गेलो होतो. त्यांनी बॉनेट उघडलं, नटाकडे पाहिलं, पान्याला हातसुद्धा लावला नाही आणि म्हणाले, "पंप ठेवाचा आहे का बदलवाचा आहे, ते पयले सांगा." या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. पंप वाचवायचा असेल तर नट सोडवायची रीत वेगळी आणि पंप काढूनच टाकायचा असेल तर वेगळी. दोन्हींचा खर्चही वेगळा. हे आधी न ठरवता पाना लावला की दोन्ही खर्च एकदम अंगावर येतात.

आधी आजार ओळखा

इंजिनच्या पुढच्या बाजूला बेल्टवर फिरणारा वॉटर पंप असतो. त्याच्या दांड्यावर पुली, पुलीपुढे फॅन क्लच आणि क्लचवर पंखा बसवलेला. क्लच म्हणजे सिलिकॉन तेल भरलेली बंद डबी. तिच्या तोंडाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी चपटी गुंडाळी दिसते. ती दोन धातूंची असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी किंचित वळते, आतली झडप उघडते, घट्ट तेल खाचांमध्ये शिरतं आणि त्या तेलाच्या ओढीनं पंखा पुलीबरोबर जोरात फिरू लागतो. हवा गार झाली की तेल मागच्या कप्प्यात परततं आणि पंखा सैल पडतो. गरज नसताना पंखा ओढण्यात इंजिनची ताकद आणि डिझेल वाया जाऊ नये म्हणून ही सोय आहे. सकाळी गाडी चालू केल्यावर पहिला मिनिटभर पंखा घोंगावतो आणि मग शांत होतो. तो दोष नाही. रात्रभरात खाचांमध्ये उतरलेलं तेल परत जायला तेवढा वेळ लागतो.

हा क्लच सगळ्या गाड्यांत नसतो. इनोव्हा, क्वालिस, सुमो, जिप्सी, पिकअप, लहान-मोठे ट्रक अशा उभ्या इंजिनच्या बऱ्याच गाड्यांमध्ये तो सापडतो. लहान मोटारींचं इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. तिथे पंख्याला वायरींचा गुच्छ जोडलेला दिसतो, बेल्टशी त्याचा संबंध नसतो. अशा गाडीच्या बिलावर कुणी फॅन क्लच लिहिला असेल तर पैसे देण्याआधी तो भाग डोळ्यांनी पाहायला मागा.

तपासणीला पैसे लागत नाहीत. इंजिन पूर्ण गार असताना, चावी काढून, पंखा हातानं फिरवा. थोडा अडखळत, जड हातानं फिरून लगेच थांबला तर क्लच बहुतेक ठीक आहे. ढकलल्यावर तीन-चार गरके मुक्तपणे घेत राहिला तर आतलं तेल गेलंय. अजिबात हलत नसेल, पुलीसकटच फिरू पाहत असेल, तर क्लच जाम झालाय. जाम क्लचची गाडी तापत नाही, पण पंखा सतत ट्रकसारखा आवाज करतो, पिकअप मरतो आणि डिझेल जास्त खातं. बरेच लोक या आवाजालाच गाडीचा स्वभाव समजून वर्षं काढतात. क्लचच्या कडेनं बाहेरच्या दिशेला तेलकट, धूळ धरलेल्या रेघा दिसल्या तर वेगळा पुरावा नको.

क्लच बदलायचा निर्णय घेण्याआधी रेडिएटरची समोरची जाळी मात्र जरूर पाहा. आपल्याकडे धानाच्या कापणीनंतर तणसाचा बारीक भुसा, राइस मिलच्या आवारातला कोंडा आणि नागझिऱ्याकडच्या कच्च्या रस्त्यांची लाल धूळ त्या जाळीत अशी बसते की हवा आत जायला वाटच उरत नाही. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, बेताच्या दाबानं पाणी मारून जाळी धुवायला शंभर-दोनशे रुपये लागतात. कधी कधी आजार तिथेच बरा होतो.

पंपाची परीक्षा

आता तो पहिला प्रश्न. पंप ठेवायचा की बदलायचा, हे अंदाजानं ठरवू नका. पंख्याची दोन समोरासमोरची पाती धरून पुढे-मागे हलवा. क्लचला स्वतःची थोडी हालचाल असते, म्हणून नजर पुलीवर ठेवा. पुली डगमगत असेल, टक-टक असा धक्का जाणवत असेल, तर पंपाचं बेअरिंग सैल झालंय. मग पंपाच्या बुडाशी टॉर्च लावा. तिथे एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून ते असतं. त्या भोकाखाली हिरवट, गुलाबी किंवा पांढुरका ओघळ वाळलेला दिसला तर पंपाचे दिवस भरलेत.

नट अडकण्याचं कारणही अनेकदा हेच असतं. सीलमधून झिरपलेलं कूलंट पुली फिरताना सगळीकडे उडतं, आट्यांमध्ये शिरतं आणि तिथे सुकून धरतं. पंपाचा दांडा पोलादाचा, आट्यांमध्ये ओल. अशा ओलीत गंज लवकर चढतो. म्हणून नटाभोवती पांढरी-हिरवी पापडी दिसली की माझा सल्ला सरळ आहे. नटाशी भांडू नका, पंप बदलायच्या हिशोबानंच काम सुरू करा. पंपानं लाखभर किलोमीटर पाहिले असतील तरीही तेच. जुना पंप वाचवून आज दोन हजार राहतील, पण वर्षभरात त्याच मजुरीसाठी परत यावं लागेल.

पंप बदलायचा ठरला की काम उलट सोपं होतं. जागा असेल तर क्लच, पुली आणि पंप असा जोडच इंजिनवरून उतरवता येतो. मग टेबलावर, शिकंज्यात धरून, निवांतपणे नट सोडवा. तिथे बत्ती लावली तरी चालते, कारण जे सील भाजेल ते भंगारातच जाणार आहे. क्लच नवाच घालणार असाल तर त्याचीही चिंता नाही. नट छन्नीनं फाडून काढला तरी चालतं. पंप वाचवायचा असेल तर मात्र यातलं काहीच करायचं नाही. आग तर नाहीच नाही. सील रबराचं आणि बेअरिंगमध्ये ग्रीस, दोन्ही नटापासून बोटभर अंतरावर. बत्ती पेटवताना मिस्त्री "थोडंसंच तापवतो" म्हणाले, तरी तुम्ही नाही म्हणा.

नट कोणत्या बाजूनं सुटतो

क्लच दोन पद्धतींनी बसवलेले असतात. एका पद्धतीत पुलीच्या तोंडावर चार स्टड आणि त्यांवर चार लहान नट असतात. क्वालिस, इनोव्हा या टोयोटाच्या गाड्यांत हे दिसतं. दुसऱ्या पद्धतीत क्लचच्या पाठीमागे एकच मोठा षटकोनी नट असतो आणि तो थेट पंपाच्या आटेदार दांड्यावर आवळलेला असतो. हा नट ३२ किंवा ३६ मिलिमीटरसारख्या मोठ्या मापाचा असतो आणि त्याला पातळ पाना लागतो. आधी टॉर्च लावून कोणती पद्धत आहे ते पाहा. त्याशिवाय मजुरी ठरवणं म्हणजे न पाहता सौदा करणं.

मोठ्या नटाच्या बाबतीत सगळा गोंधळ आट्यांचा होतो. काही गाड्यांत आटे सरळ, काहींत उलटे. जुन्या बीएमडब्ल्यू गाड्यांत उलटेच असतात. हे पाठ करायची गरज नाही, कारण त्यामागे एक साधी गोष्ट आहे. पुली दांड्याला पुढे फिरवते आणि हवेच्या रेट्यामुळे पंखा मागे राहू पाहतो. या ओढाताणीत नट आपोआप आवळत जावा, सुटत जाऊ नये, असेच आटे पाडलेले असतात. म्हणून इंजिन चालू असताना पंखा ज्या दिशेला फिरतो, त्याच दिशेला नट फिरवला की तो सुटतो. कुणाला तरी चावी मारायला सांगा, तुम्ही चार हात दूर समोर उभे राहून पंख्याची दिशा पाहा आणि खडूनं पंख्याच्या आवरणावर बाण काढा. पाना त्या बाणाच्या दिशेला. माझ्या गाडीला हा एक बाण काढला असता तर रेडिएटरचे ३,२०० रुपये वाचले असते.

त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी काम कसं केलं ते मी जवळून पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी नटाच्या कडेनं गंज सोडवणारा स्प्रे मारला, हातोडीनं नटाच्या सहाही कडांवर टिचक्या मारल्या आणि गाडी तशीच सोडून दिली. रात्री झोपायच्या आधी परत एकदा स्प्रे. सकाळी गळ्यातला दुपट्टा काढून खुंटीला टांगला, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि रेडिएटर व पंख्याच्या मध्ये प्लायवूडचा तुकडा उभा खोचला. हा तुकडा फुकटचा असतो आणि रेडिएटर वाचवतो. बेल्ट त्यांनी काढला नाही. बेल्ट ताणलेला असला की तोच पुलीला धरून ठेवतो. नव्या पोरांना बेल्ट आधी काढायची सवय असते, मग पुली पान्याबरोबर गरगरते आणि जोर वाया जातो. बेल्ट घसरत असेल तर पुलीच्या दोन बोल्टांत अडकणारी, दोन भोकांची लोखंडी पट्टी वेल्डिंगवाला दोन-तीनशे रुपयांत करून देतो.

मग पाना नटावर बसवला. दाबला नाही. त्याच्या टोकावर बाणाच्या दिशेनं हातोड्याचा एक छोटा, खणखणीत ठोका. मग दुसरा. अडकलेल्या आट्यांना सततच्या जोरापेक्षा असा अचानक हिसका लागतो. चौथ्या-पाचव्या ठोक्याला आवाज बदलला. आधी भरीव ठण्ण यायचा, आता किंचित पोकळ आला. नटाच्या मुळाशी विटकरी भुकटीची बारीक रेघ उमटली. मिस्त्रींनी पाना बाजूला ठेवला आणि उरलेले आटे हातानंच सोडवले. क्लच बाहेर आल्यावर तो त्यांनी आडवा टाकला नाही, गाडीत बसलेला असतो तसाच उभा, भिंतीला टेकवून ठेवला. चांगला क्लच पुन्हा घालायचा असेल तर हे लक्षात ठेवा. आडवा पडून राहिला की आतलं तेल नको तिकडे उतरतं.

चार नटांच्या पद्धतीत त्रास वेगळा असतो. नट लहान असतात आणि गोल होतात, किंवा स्टडच तुटतो. इथे स्प्रे, सहा कोनी गोटी आणि धीर एवढंच लागतं. चारही नट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करून घ्या. नट निघूनही क्लच पुलीला चिकटून बसला असेल तर लाकडी किंवा रबरी हातोडीनं चारी बाजूंनी आळीपाळीनं ठोका. टॉमी घालून उचकटू नका, पुली वाकते आणि मग बेल्ट आयुष्यभर किरकिरतो. तुटलेला स्टड लेथवाल्याकडून नवा बसवून मिळतो. त्यासाठी पंप मात्र उतरवावा लागतो.

किती पैसे काढून ठेवावेत

पुढचे आकडे साध्या, खासगी गॅरेजच्या हिशोबाचे ढोबळ अंदाज आहेत. गाडीचं मॉडेल सांगून दोन ठिकाणी फोन केलात की तुमचा नेमका आकडा कळेल.

कंपनीबाहेरचा पण चांगल्या नावाचा फॅन क्लच पिकअप आणि जीप जातीच्या गाड्यांसाठी १,८०० ते ४,५०० रुपयांत बसतो. टोयोटासारख्या गाडीचा मूळ कंपनीचा क्लच घ्यायचा तर ६,००० ते १०,००० धरा. वॉटर पंप १,२०० ते ३,५००, मोठ्या गाडीचा मूळ पंप पाचाच्या पुढे. बेल्ट ३०० ते ९००. कूलंट लिटरला १५० ते ४०० रुपये, आणि अशा गाड्यांना सहा ते नऊ लिटर लागतं. गंजाचा स्प्रे १५० ते ४००. नट नीट सुटला तर नुसता क्लच बदलायची मजुरी ३०० ते ८००. पंपासकट काम असेल तर ८०० ते २,०००. म्हणजे पंप चांगला आणि नट शहाण्यासारखा सुटला तर तीन ते पाच हजारांत मोकळे व्हाल. पंप, क्लच, बेल्ट, कूलंट असं सगळं एकदम केलंत तर सात ते दहा हजार. मूळ टोयोटाचे भाग घातले तर हा आकडा दुपटीच्या जवळ जातो.

यात पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. क्लच बाहेरच्या चांगल्या कंपनीचा चालतो. पंप मात्र परवडेल तेवढा चांगला घ्या, कारण त्याचं सील फुटलं की मजुरी आणि कूलंट दोन्ही परत द्यावे लागतात. जुना क्लच उघडून सिलिकॉन तेल भरून देणारे असतात. पाच-सहाशे रुपयांत काम होतं आणि तेल योग्य जाडीचं असेल तर काही महिने चालतंही. पण ज्या सीलमधून आधीचं तेल गेलं ते सील तसंच असतं. हंगामाच्या मध्यात वेळ मारून न्यायला ठीक, कायमची दुरुस्ती म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र कुणी फुकट देतो म्हणाला तरी करू नका. क्लचच्या डबीला भोकं पाडून बोल्ट घालणं किंवा वेल्डिंगचे टाके मारून पंखा कायमचा जोडून टाकणं. अशी गाडी तापत नाही, म्हणून लोकांना उपाय सापडल्यासारखा वाटतो. पण महामार्गावर इंजिन जोरात फिरतं तेव्हा पंखाही पूर्ण वेगानं फिरतो, पात्यांवर आणि पंपाच्या बेअरिंगवर नको तितका ताण येतो. पात्याला आधीच तडा असेल तर ते तुटून रेडिएटरमधून आरपार जाऊ शकतं. बॉनेट उघडून कुणी समोर उभं असेल तेव्हा काय होईल, याचा विचारही नको वाटतो. क्लच बदलताना प्रत्येक पात्याच्या मुळाशी बोट फिरवून तडा आहे का हेही पाहून घ्या.

सुटे भाग कुठून आणायचे हाही खर्चाचाच भाग आहे. चालू गाड्यांचा पंप-बेल्ट साकोलीत किंवा चाळीसेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्यात मिळून जातो. कमी खपाच्या गाडीचा क्लच शंभर किलोमीटरवरच्या नागपूरहून मागवावा लागतो. म्हणून गाडी उघडण्याआधी भाग हातात हवा. अर्धवट उघडलेली गाडी गॅरेजात तीन दिवस पडून राहिली आणि सवारीचा धंदा बुडाला तर तो तोटा बिलात दिसत नाही, पण खिशातूनच जातो. सफारीच्या जिप्सीवाल्यांनी आणि धान वाहणाऱ्या पिकअपवाल्यांनी हे काम हंगामाआधीच उरकावं. जिप्सीवाल्यांना हे जास्तच लागू आहे. नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटातून गाडी आत गेली की तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत चालते, समोरून वारा नसतो, सगळा भार पंख्यावर.

रस्त्यात गाडीनं हीट मारली तर एसी बंद करा, केबिनचा हीटर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करा, टोलच्या रस्त्यावर मदतीला क्रेन येते. काटा लाल पट्टीत असताना "गाव आलंच आहे" म्हणत गाडी रेटली की हेड गॅस्केट जातं आणि तिथून पुढचं बिल पंधरा हजारांच्या खाली क्वचितच थांबतं.

बिल हातात घ्या

काम सुरू होण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: कोणते भाग, कोणत्या कंपनीचे, मजुरी किती, आणि नट सुटला नाही किंवा स्टड तुटला तर पुढे हात लावण्याआधी फोन करणार. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. चांगला मिस्त्री यावर रागावत नाही, उलट त्याची जबाबदारी हलकी होते. नट तोडावा लागला तर तो त्याचा दोष नाही. न विचारता बत्ती लावून पंप जाळला, तर तो आहे.

जुने भाग परत मागा. क्लच, पंप, बेल्ट, सगळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. नोंदणी असलेलं दुकान जुन्या दरानं कर लावत असेल तर बोट ठेवून विचारा. नोंदणी नसलेल्या लहान गॅरेजला बिलावर जीएसटी लावताच येत नाही, मात्र काय केलं आणि किती घेतलं याची पावती त्यानंही द्यायला हवी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि वस्तूचं किंवा सेवेचं बिल, पावती न देणं ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाद मिटत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे भंडाऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. पण बिल नसेल आणि जुना भागही भंगारात गेला असेल तर आयोगापुढे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

परत बसवताना

नवा क्लच बसवण्याआधी आटे तारेच्या ब्रशनं साफ करून त्यांवर तांब्याचं ग्रीस बोटभर लावून घ्या. पुढच्या वेळी हाच नट हातानं सुटेल. मोठा नट पाइप लावून आवळायची गरज नसते, पंख्याच्या रेट्यानं तो स्वतःच आवळत जातो. चार नटांच्या क्लचला मात्र चारही नट सारखे, समोरासमोर आळीपाळीनं आवळायला हवेत.

कूलंट कधीही हातपंपाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात मिसळू नका. आपला तलावांचा जिल्हा, पाण्याला तोटा नाही, म्हणून बाटली भरून ओतायची सवय जाता जात नाही. पण त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, आणि नुसतं पाणी असलं की पंपात गंज धरतो. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा डबा शे-दीडशे रुपयांना येतो, तो घ्या. भरताना हीटर चालू ठेवा आणि आतली हवा निघून पातळी स्थिर होईपर्यंत इंजिन चालू द्या.

मग पैसे देण्याआधी गाडी गॅरेजातच वीस मिनिटं उभ्या जागी चालू ठेवा, एसी लावून, दुपारच्या वेळी. काटा मध्यावर यावा, पंख्याचा आवाज वाढावा आणि हवेचा झोत इंजिनच्या बाजूला हाताला जाणवेल इतका जोरात यावा. हात पंख्यापासून लांबच ठेवा. घरी आल्यावर रात्री इंजिनखाली कोरा पुठ्ठा पसरा आणि सकाळी टॉर्च घेऊन पाहा. पंपाच्या बरोबर खाली रंगीत थेंबाचा डाग असेल तर त्याच पुठ्ठ्याचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख लिहा आणि गाडी चालू न करता मिस्त्रींना फोन लावा.